उगाचची फेरी

ता. ५ फेब्रुवारी
घरून

चि. धाकट्या,

तू बरा आहेस हे कळलं. तुझ्या दीड पानात "मी बरा आहे" हे चार वेळा आलंय, म्हणजे असशीलच. आम्ही दोघंही ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो आणि बाबाही कुरकुरतात, त्यामुळे दोघांचं छान जमतं. फोनवर बोलायचं म्हटलं तर मला टेकडीवर चढावं लागतं. तिथं वारा अर्धं बोलणं पळवतो आणि उरलेल्या अर्ध्याला तू "हं, हं" करतोस. त्यापेक्षा पत्र बरं. निदान मधेच तोडता तरी येत नाही.

बर्फाच्या मशीनसाठी तू पाठवलेली गॅस्केट मिळाली. मोठी आहे. अरे, मी कागदाचं भोकासकट माप कापून पाठवलं होतं ना? त्या कागदाचं काय केलंस, चहाचा कप ठेवलास त्यावर? महिनाभर वाट बघितली ती अशी. कॉम्प्रेसरला जुनीच लेप लावून बसवलीय. सांध्यातून अमोनियाचा वास यायला लागला की खिडक्या उघडते आणि तुझं नाव घेते. बर्फ निघतोय, पण लाद्या पूर्वीसारख्या काचेसारख्या येत नाहीत, मधे पांढऱ्या राहतात. मासळीवाले बोलून दाखवत नाहीत, पण उचलताना उलटसुलट करून बघतात. बघू देत.

आता तुझ्या मुद्द्याचं. "बेटावर आता काही उरलं नाही, बाबांना घेऊन इकडे ये, खोली एकच आहे पण गॅलरी बंद केली की दुसरी होईल." वाचून हसावं की काय करावं कळेना. बाबांना घेऊन ये म्हणजे काय? बाबा म्हणजे पिशवी आहेत का? आणि गॅलरीत कोण झोपणार, तू की बर्फाचा कारखाना? उंटावर बसून शेळ्या हाकणं सोपं असतं, धाकट्या. खाली येऊन एक तरी शेळी पकडून दाखव.

काही उरलं नाही हे मात्र खरं आहे, ते मी तुझ्यापुढं नाकारत नाही. शिंपीणकाकू गेल्या. आता उसवलेलं मीच शिवते आणि ते पुन्हा उसवतं. शाळेत तीन मुलं, त्यातली दोन मास्तरीणबाईंची स्वतःची. तिघं लपाछपी खेळतात तेव्हा दोघं एकाच दाराआड लपतात आणि तिसऱ्याला ते दार माहीत असतं, तरी बिचारा सगळीकडं शोधल्यासारखं करतो. दवाखान्याचं कुलूप गंजलंय. पाण्याच्या टाकीला तडा गेलाय, त्याचा अर्ज देऊन झाला, अर्जाची आठवण देऊन झाली, आठवणीची आठवण देऊन झाली. "बघतो" असं उत्तर आलं. तुझ्यासारखंच.

आणि उगाचची फेरी चालूच आहे. तू होतास तेव्हा ती नवी होती, तेव्हा मजा वाटायची. धक्क्यावरच्या शेडमधली ती सभा आठवते? बोट कंपनीनं नोटीस लावली होती की इथून खेपेला पाच माणसंही चढत नसतील तर बोट इथं थांबणार नाही. सगळे हातपाय गाळून बसले. मग बाबा उठले आणि म्हणाले, "बोटीला माणसं हवीत ना? मग माणसं देऊ." काम असो नसो, घराघरातून आळीपाळीनं एकानं सकाळी बोटीत बसायचं, शहरात चार पावलं फिरायचं, चहा प्यायचा आणि संध्याकाळच्या बोटीनं परत यायचं. फळ्यावर नावं लिहायची. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मीही वाजवल्या.

आता कुणी वाजवत नाही. "आज उगाचचे कोण कोण?" असं विचारतात आणि ज्याचं नाव असतं तो तोंड आंबट करून चपला घालतो. आणि जातो तो परत येतोच असं नाही. सुतारकाका उगाच गेले आणि दाराच्या चौकटींचं काम घेऊन आले, ते सामान न्यायलाच. शिंपीणकाकूही उगाचच गेल्या होत्या. बेटावर बोट राहावी म्हणून माणसं पाठवायची आणि पाठवलेली माणसं तिकडेच राहायची. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला? दुकानदाराचं नाव आलं की गाव त्याच्याकडून दुकानाची किल्ली काढून घेतं. तो चिडतो, म्हणतो माझ्यावर विश्वास नाही का. नाही, असं सगळे एका सुरात सांगतात.

मशीन तपासायला माणूस आला होता. पाणी, दाब, सगळं बघितलं, चहा प्यायला, गॅस्केटवरून मला बोलला. ते बोलणं मी तुझ्याकडं पुढं पाठवते आहे. जाताना आणखी काहीतरी म्हणाला. ते पुन्हा कधीतरी.

गुरुवारी बाबांची फेरी आहे. गेल्याच महिन्यात झाली होती, पण परत आलीय. असो.

त्यांना विचारलं, "धाकट्याला लिहितेय, काही सांगायचंय?" म्हणाले, "गॅस्केट मोठी आहे म्हणून सांग." सांगितलं.

तुझी
ताई


ता. २५ फेब्रुवारी
घरून

धाकट्या,

आशीर्वाद वगैरे आहेतच, ते गृहीत धर.

तुझं पत्र आलं. "पुढच्या महिन्यात रजेचं बघतो." तीन वर्षांत पुढचा महिना किती वेळा आला आणि गेला ते मी मोजलेलं नाही, तूही मोजू नकोस. दोघांनाही लाज वाटेल.

मी सोमवारी शहरात येऊन गेले. माझी फेरी होती. तुला कळवलं नव्हतं. मला मासळीबाजाराजवळ थोडं काम होतं, ते तासाभरात आटोपलं. मग म्हटलं तुझ्याकडं जावं, गॅस्केटवरून तोंडावर चार शब्द सुनवावेत आणि तुझ्याच पैशांनी जेवावं. विचारत विचारत तुझ्या कोल्ड स्टोरेजच्या फाटकाशी आले. चौकीदार म्हणाला, जेवणाचा भोंगा झाल्याशिवाय कुणाला बाहेर सोडत नाहीत. समोर चहाची टपरी आहे, वजनकाट्याशेजारी बाक आहे, तिथं बसले. तुला सगळं माहीतच आहे, मी का सांगतेय.

टपरीवालीनं चहा दिला आणि माझ्या पायांकडं बघितलं. धक्क्यावरचा चिखल तसाच होता चपलांना. म्हणाली, "तुम्ही बेटावरच्या का हो? ते म्हातारे बाबा बरे आहेत ना?"

मी म्हटलं, कोण म्हातारे बाबा?

"येतात की ते मधूनमधून. इथंच बसतात, तुम्ही बसलाय तिथंच. एक चहा घेतात आणि तो थंड करून पितात. भोंगा झाला की फाटकाकडं बघत राहतात. मी विचारलं एकदा, तर म्हणाले, माझा मुलगा आहे आत. म्हटलं, बोलावू का? तर म्हणाले, नको, तो कामात असतो. सगळी माणसं आत गेली की उठतात आणि जातात."

मी कप बाकावर ठेवला. मला घरी ते सांगतात की धक्क्यावरच बसलो होतो, गुडघ्यानं कुठं फिरायचं. आणि तुझं ते फाटक म्हणजे धक्क्यापासून केवढा चढ आहे रे. मला दम लागला.

आता हे नीट वाच. बाबांच्या फेऱ्या इतक्या का होतात, हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं. फळ्यावरचं तुझं नाव त्यांनी पुसू दिलेलं नाही. सुतारकाकांचं पुसलं, शिंपीणकाकूंचं पुसलं, तुझं आहे. तुझी वेळ आली की ते म्हणतात, "त्याची फेरी मी करतो." गावात आधी कुणीतरी हसलं, आता कुणी हसत नाही. म्हणजे एक स्वतःची आणि एक तुझी, अशा दोन फेऱ्या हा माणूस त्या गुडघ्यावर करतो. मला वाटायचं हट्ट आहे, दुसरं काय. कल्पना त्यांची, आणि पोटचा पोरगाच उगाच म्हणून गेला तो परत आला नाही, म्हणून गावाला तोंड दाखवायला करतात. तसं नव्हतं ते. ते तुला बघायला जात होते.

अजून संपलं नाही. भोंगा झाला, सगळे बाहेर आले. मी बाकावरून उठून उभी राहिले, एकेकाचं तोंड बघितलं. तू नाहीस. चौकीदाराला विचारलं. म्हणाला, "तो ना? तो हल्ली मागच्या गेटनं जातो जेवायला. तिकडं काही मिळत नाही, तरी तिकडंच जातो."

हल्ली म्हणजे कधीपासून, ते मी त्याला विचारलं नाही आणि तुलाही विचारणार नाही. एवढंच सांगते की मला कळलं.

तुला वाटेल, मग ताई मागच्या गेटला का आली नाही. नाही आले. टपरीवालीला पैसे दिले आणि धक्क्यावर येऊन बसले. मीही त्यांचीच मुलगी आहे, आपल्या घरात सगळेच एकमेकांना लांबून बघण्यात पटाईत. तुम्हा दोघांची अळीमिळी गुपचिळी, मधे मी निरोप्या, आणि निरोप काय तर गॅस्केट मोठी आहे.

तो माणूस संध्याकाळी धक्क्यावर उभा राहतो, धाकट्या. अजून. एकेक उगाचचा उतरला की मोठ्यानं नाव घेतो, दुकानदार आला, मास्तरीणबाई आल्या. मी सोमवारी उतरले तेव्हा "ताई आली" म्हणाले आणि माझ्या मागं बघितलं. तू गेलास त्या दिवशी बोट परत फिरून पार दिसेनाशी झाली तरी ते तिथंच होते. घरी येऊन म्हणाले, "उद्या येईल." दुसऱ्या दिवशी बोटच नव्हती. तुझं ताट झाकून ठेवलं आणि सकाळी मीच जेवले.

मला तुझा राग येतो तो तू गेलास म्हणून नाही. हे मी पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा जपून वाच. राग येतो तो तू आधी गेलास म्हणून. तू गेल्यावर माझं जाणं बंद झालं. दोघांतलं एक जण राहायलाच हवं होतं, आणि मी त्या दिवशी बर्फाच्या डब्यांत पाणी भरत होते.

ताई


ता. ११ मार्च
घरून

चि. धाकट्यास,

तुझं उत्तर आलेलं नाही. बरं केलंस. या वेळी "बघतो" लिहिलं असतंस तर मी पत्र तसंच कॉम्प्रेसरला गॅस्केट म्हणून लावलं असतं.

दोन बातम्या आहेत. पहिली बाबांची. गेल्या गुरुवारी त्यांची स्वतःची फेरी होती. संध्याकाळी परत येताना बोटीतून उतरायच्या फळीवर गुडघा वाकला आणि ते बसले. पडले नाहीत, बसले, असं ते स्वतः सगळ्यांना सांगतात. खलाशांनी दोन्ही बाजूंनी उचलून उतरवलं. त्यातला थोरला खलाशी चांगला माणूस आहे, पण स्पष्ट म्हणाला, "बाबा, आता सोबत कुणी असेल तरच चढवीन." घरी आल्यावर मी गुडघ्याला शेक दिला. सूज आहे, पण चालतात. काळजी करण्यासारखं नाही. कर, पण तशी नाही.

दुसरी बातमी माझी. मशीन तपासायला आलेला माणूस जाताना म्हणाला होता की मासळीबाजाराजवळच्या मोठ्या बर्फ कारखान्यात मशीनवर माणूस हवाय, बाई चालेल, या आणि भेटा. ते "थोडं काम" हेच होतं. भेटले. तिथला साहेब आधी माझ्याकडं बघून कुणाबरोबर आलात म्हणून विचारत होता, मग मशीनवर नेलं आणि माझं काम बघून अटी सांगितल्या. पाळीनुसार काम, महिन्याला पगार, मागच्या बाजूला बायकांसाठी राहायला खोली. खिडकी आहे खोलीला. मी हो म्हणून आले, धाकट्या. तुला विचारून नाही आणि बाबांना विचारून नाही. माझं वय तुला माहीत आहे. आणखी दोन वर्षांनी हेच काम मला कुणी देणार नाही, आणि इथं दोन वर्षांनी बर्फ घ्यायला कुणी नसेल. आताच किती आहेत? होड्या विकायला काढल्यात लोकांनी. मी रोज पहाटे लाद्या काढते आणि दुपारी त्यातल्या निम्म्या वितळताना बघते. ते पाणी उताराला लावून अळूला सोडलंय. एवढं महाग पाणी पिणारं अळू जगात कुठं नसेल.

बाबांना सांगायला मला दोन आठवडे लागले. रोज ठरवायचे आणि रोज भाजीत मीठ जास्त पडायचं. शेवटी परवा ते कारखान्यात डब्यांना तळाशी गंज लागलाय का बघत बसले होते, तेव्हा सांगितलं. सगळं एका दमात, पगार, खोली, खिडकी, सगळं. मला वाटलं ओरडतील. निदान "तूही?" म्हणतील. त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं.

त्यांनी हातातला डबा पालथा घातला, दुसरा घेतला. मग विचारलं, "तुझी फेरी कधी आहे?"

मी म्हटलं, "येत्या गुरुवारी."

आणखी एक डबा झाला. मग म्हणाले, "मग गुरुवारी संध्याकाळी मी धक्क्यावर येत नाही."

एवढंच. मी बाहेर येऊन अळूपाशी उभी राहिले आणि भरपूर रडले. तू इथला आहेस, तुला याचा अर्थ सांगायला नको.

मास्तरीणबाई दोन्ही वेळचं जेवण बघतो म्हणाल्यात, मी महिन्याचे पाठवीन, त्या नको म्हणताहेत, ते आमचं आम्ही भांडू. सुट्टीच्या दिवशी मी येईन. उगाचची म्हणून येईन, तेवढंच बोटीला माणूस. पण मशीन मला बरोबर नेता येत नाही आणि बाबा एकटे ते चालवू शकत नाहीत. तू कायमचा ये असं मी म्हणत नाही. म्हणायचा मला आता हक्कही नाही, मीच चाललेय. हा हंगाम संपेपर्यंत कारखाना चालवायचा की उद्याच बंद करायचा, हे तुम्ही दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडं बघून ठरवा. माझ्यामार्फत नाही. मी निरोप पोचवायचं काम सोडलं.

गुरुवारी सकाळची बोट मला घ्यायला येईल. ती तिकडून रिकामीच येते. तीत बस. तू उतर, मी चढते. फळीवर दोन मिनिटं भेटू, तेवढ्यात तुला काय बोलायचं ते मी धक्क्यावर उभी राहून ठरवीन. कारखान्याची किल्ली मी तुझ्याकडं देणार नाही, दुकानदारासारखी गावाकडंही देणार नाही. ती बाबांच्या खिशात असेल. हवी असेल तर त्यांच्याकडं माग. सकाळी ते धक्क्यावर असतील, मला सोडायला. संध्याकाळी येणार नाही असं म्हणालेत, सकाळचं काही म्हणालेले नाहीत.

त्यांना काय म्हणायचं याची चिंता करू नकोस. आल्यावर गॅस्केट बसव. मशीनवर काम करताना कुणाला एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, सुरुवातीला तेवढं पुरेल. आणि येताना बरोबर मापाची आण. मापाचा कागद पुन्हा सोबत ठेवलाय. कात्री चालवताना या वेळी माझा हात लागलेला नाही. काल संध्याकाळी मी हे पत्र लिहायला बसले तेव्हा बाबांनी जुनी गॅस्केट काढून आणली, कागदावर ठेवली, पेन्सिल फिरवली आणि चष्मा लावून सावकाश कापला. मला म्हणाले, "हा घाल त्यात. तुझा कागद नीट कापलेला नव्हता, त्याची काही चूक नव्हती."

माझा कागद अगदी नीट कापलेला होता, हे तुलाही माहीत आहे आणि त्यांनाही. पण मी त्यांचा कागद पाकिटात घातला. तूही हे त्यांना कधी सांगू नकोस.

कागद जपून आण, दुमडू नकोस. आणि त्या दिवशी तरी पुढच्या गेटनं नीघ.

धक्क्यावर बोटीची वाट बघणारी, आणि या वेळी उगाच न जाणारी,
तुझी ताई